संजीवनी कोणाच्या झोळीत?

तुकडीने खेळायच्या संगणकीय युद्धखेळांत एक मत आता जवळजवळ शिष्टसंमत झाले आहे, की पडलेल्या सोबत्याला पुन्हा उठवण्याचे कौशल्य जवळ बाळगणे हे कच्च्या खेळाडूचे लक्षण होय. चांगली तुकडी मरतच नाही, मग उठवायचे कोणाला, असा हा युक्तिवाद. त्याचेच जरा सभ्य रूप असे, की उठवणे हे वैद्याचे काम. बाकीच्यांनी आपापली तलवार सांभाळावी. ही दोन्ही मते आम्हांला साफ अमान्य आहेत. ती का अमान्य आहेत हे एका विशिष्ट खेळाच्या आधारेच सांगणे बरे, कारण नुसत्या तत्त्वचर्चेत दोन्ही पक्ष नेहमीच बरोबर ठरतात.

तो खेळ म्हणजे 'गिल्ड वॉर्स'. अरीनानेट या अमेरिकन कंपनीचा हा खेळ एप्रिल २००५ मध्ये आला. शेकडो कौशल्यांतून फक्त आठ निवडायची, आणि एकदा गावाची वेस ओलांडली की त्यांत बदल करता येत नाही, हा त्याचा कळीचा नियम. आमचा वाद उभा राहतो तो या दारिद्र्यामुळेच. जिथे तीस-चाळीस कौशल्ये एकाच वेळी हाताशी असतात तिथे एखादे जास्तीचे ठेवायला कोणाचेच काही जात नाही. इथे मात्र आठवा खण कशाला द्यायचा हा प्रश्न माणसाचा स्वभाव उघडा पाडतो.

त्या खणाचा एक दावेदार म्हणजे 'रिझरेक्शन सिग्नेट'. ते कोणत्याही पेशाच्या खेळाडूला घेता येते आणि वापरायला ऊर्जा लागत नाही. तीन सेकंद स्थिर उभे राहिले की पडलेला सोबती पूर्ण प्राणशक्तीनिशी आणि पाव ऊर्जेनिशी उभा राहतो. मात्र एकदा वापरले की ते निकामी होते. तुकडीचे मनोबल वाढेपर्यंत, म्हणजे उदाहरणार्थ शत्रूचा एखादा म्होरक्या मारला जाईपर्यंत, ते पुन्हा भरत नाही.

आता हिशेब पाहू. आठ जणांची तुकडी, प्रत्येकाची आठ कौशल्ये, एकूण चौसष्ट. (चौसष्ट कलांशी या आकड्याचा संबंध नाही, पण योग मोठा गमतीचा आहे.) सिग्नेट टाकून त्या जागी आणखी एक प्रहार घेतला, तर चौसष्टांत एकाची भर पडली, आणि तोही पुष्कळदा ऊर्जेअभावी पडूनच राहतो, कारण सातांना पुरेल एवढीच ऊर्जा हाताशी असते. याउलट एक सोबती पडला की आठ खण एकदम विझतात. तरीही 'आख्ख्या मोहिमेत सिग्नेट लागलेच नाही, खण वाया गेला' अशी तक्रार करणारे भेटतात. वर्षभर टायर पंक्चर झाला नाही म्हणून गाडीतली स्टेपनी विकून टाकणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

चांगली तुकडी मरत नाही, हे विधान तर खेळाच्या नियमांनाच धरून नाही. प्रत्येक मरणागणिक कमाल प्राणशक्ती आणि ऊर्जा पंधरा टक्क्यांनी घटते. ही घट साठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मरण हा अपवाद असता तर त्याची अशी पायरीपायरीने शिक्षा आखावी लागली नसती. खेळाच्या पहिल्या भागातील मोहिमांत तर संपूर्ण तुकडी पडली की मोहीमच संपते. सगळ्यांनी पुन्हा ठाण्यावर यायचे आणि श्रीगणेशा करायचा. अशा वेळी एकच जण जिवंत उरला, तर सारे काही त्याच्या झोळीवर अवलंबून असते. सिग्नेट असेल तर तो पळून जाईल, शत्रू माघारी फिरल्यावर परतेल, एकाला उठवेल आणि तो दुसऱ्याला. नसेल तर तो आपला आठवा प्रहार हाती घेऊन सात प्रेतांमध्ये उभा. आणि ती सात प्रेते म्हणजे सात माणसे असतात, आपापल्या घरी पडद्याकडे पाहत ताटकळलेली.

आता वैद्याकडे वळू. या खेळातला वैद्य म्हणजे 'मंक'. त्याच्याजवळ उठवण्याची स्वतःची कौशल्येही आहेत. त्यांपैकी 'रीबर्थ' तर दूर पडलेल्या सोबत्याला थेट आपल्याजवळ ओढून आणते, पण त्या बदल्यात मंकची उरलीसुरली सगळी ऊर्जा खाते. लढाई संपल्यानंतर ते अमोल आहे, ऐन लढाईत आत्मघातकी. परंतु खरी अडचण वेगळीच. माणसांविरुद्ध खेळताना प्रतिपक्ष पहिला घाव घालतो तो मंकवरच. ज्याला सर्वांआधी मारले जाणार त्याच्याच हाती एकमेव संजीवनी द्यायची, याला योजना म्हणत नाहीत.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वीच सांगून झाली आहे. महाभारताच्या आदिपर्वात संजीवनी विद्या एकट्या शुक्राचार्यांपाशी आहे. कचाची राख मद्यातून त्यांच्याच पोटात जाते तेव्हा पेच पडतो, की कच बाहेर आला तर गुरू मरणार. तोड निघते ती एकच: पोटातल्या कचालाही विद्या शिकवायची, म्हणजे बाहेर येऊन तो गुरूला उठवील. 'विद्याहरण' (१९१३) या खाडिलकरांच्या नाटकामुळे मराठी वाचकांना ही कथा ठाऊक आहे, आणि मद्यपानाचे दुष्परिणाम सांगण्यासाठी ती भरपूर वापरली गेली आहे. तिच्यातला डावपेचाचा भाग मात्र दुर्लक्षित राहिला. उठवणाऱ्याला कोण उठवणार, हा शुक्राचार्यांना पडलेला प्रश्न आमच्या तलवारबहाद्दरांना कधी पडतच नाही.

म्हणून आमचे म्हणणे रूढ मताच्या नेमके उलट आहे. सिग्नेट सर्वांनी घ्यावे. सूट द्यायचीच तर ती मंकला. त्याचा प्रत्येक खण इतरांना जगवण्यात गुंतलेला असतो, आणि तो तीन सेकंद थांबला तर तेवढ्यात दुसरा कोणी पडायचा. दोन गिल्डांमधील आठ विरुद्ध आठ सामन्यांत मुरलेल्या तुकड्या बहुधा असेच करीत. तिथे मध्यावरचे ध्वजस्थान दोन मिनिटे ताब्यात ठेवले की मनोबल वाढते आणि तुकडीची वापरलेली सिग्नेटे पुन्हा भरतात. म्हणजे ध्वज राखणे याचा एक अर्थ सहा-सात संजीवन्या पुन्हा मिळवणे असा होता. सगळी विद्या मंकपाशी असती तर त्या दोन मिनिटांचे मोल निम्मेही उरले नसते.

एकट्याने संपत्ती गोळा करायला जाणाऱ्याने सिग्नेट नेऊ नये, हे उघडच आहे. भर गर्दीत प्रेताशेजारी उभे राहून तीन सेकंद शत्रूचे बाण झेलणाऱ्या उत्साही मंडळींचे समर्थनही आम्ही करीत नाही. जवळ बाळगणे वेगळे, वापरण्याची घटका ओळखणे वेगळे.

संजीवनी एकाच हाती दिली की काय होते, ते मे २०१६ मध्ये आलेल्या 'ओव्हरवॉच'ने दाखवून दिले. त्यातली मर्सी आपल्या सर्वोच्च शक्तीने जवळपास पडलेल्या साऱ्या सोबत्यांना एकदम उठवू शकत असे. परिणाम असा झाला, की शहाणी मर्सी ऐन लढाईत आडोशाला दडून बसायची आणि सोबती पडण्याची वाट पाहायची. अखेर सप्टेंबर २०१७ मध्ये निर्मात्यांनी ती शक्ती काढून घेतली आणि एका वेळी एकालाच, तेही तीस सेकंदांच्या अंतराने, उठवण्याची मुभा ठेवली.

'गिल्ड वॉर्स'मध्ये २००६ साली 'हीरो' आले. संगणकाने चालवलेले हे सोबती, पण त्यांची आठही कौशल्ये आपण ठरवायची. सुरुवातीला एका खेळाडूला तीनच नेता येत, २०११ पासून सात. आणि इथे एक मौज दिसते. जो खेळाडू माणसांच्या तुकडीत 'सिग्नेट म्हणजे वाया घालवलेला खण' असे ठणकावून सांगतो, तोच आपल्या हीरोंच्या पट्ट्या भरताना दोघा-तिघांना तरी उठवण्याचे कौशल्य न विसरता देतो. तिथे मरणारा बहुधा तो स्वतः असतो.