शेवटची मोकळी जमीन

वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा शहराच्या दक्षिणेस पॅसिफिक ॲव्हेन्यू नावाचा जो वर्दळीचा हमरस्ता आहे, त्यावर 1 ऑगस्ट 2019 रोजी, इंधनपुरवठ्यात बिघाड झालेले एक छोटे एकइंजिनी विमान मोटारींच्या मधोमध उतरले. आणि उतरल्यावर पुढील चौकात तांबडा दिवा लागलेला पाहून इतर वाहनांप्रमाणेच निमूट उभे राहिले. मागून येणाऱ्या पोलीस अंमलदाराने वैमानिकाच्या जोडीने ते हातांनी ढकलत कडेला नेले, कोणास खरचटलेही नाही, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी घटकाभर करमणूक करून घेतली. करमणुकीस आमची हरकत नाही. परंतु अशा बातम्या वाचून विमान वाट चुकून रस्त्यावर आले असा जो समज होतो, तो दुरुस्त करणे अगत्याचे आहे. अशा प्रसंगी वैमानिक बहुधा समजून-उमजून रस्ता निवडतो, कारण महानगराच्या हद्दीत बांधकामावाचून राहिलेली दुसरी जमीन त्याच्या दृष्टीस पडत नाही.

दाट वस्तीवरून जाताना आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्याहून किमान 1000 फूट वर राहावे, आणि यंत्र बंद पडल्यास खालील माणसांना व मालमत्तेला अवाजवी धोका न होता उतरता येईल इतकी उंची राखावी, असा अमेरिकेतील दंडक आहे. शिवाय आणीबाणी उद्भवल्यास तिच्या गरजेपुरता कोणताही नियम मोडण्याची मुभा त्याच नियमावलीने वैमानिकास देऊन ठेवली आहे. कायद्याने एवढी तजवीज केल्यावर जो प्रश्न उरतो तो निव्वळ भूमितीचा. शिकाऊ वैमानिकांच्या नित्य परिचयाचे सेसना 172 हे विमान यंत्राविना आपल्या उंचीच्या सुमारे नऊपट अंतर तरंगत जाते. म्हणजे 1000 फुटांवर यंत्र थांबले तर फार तर पावणेतीन किलोमीटर आणि सव्वा मिनिट एवढीच त्याची पुंजी. तेवढ्यात 11 मीटर पंखांना पुरेल अशी, खांब, तारा व माणसे टाळून गाठता येईल अशी, सरळ आणि सपाट पट्टी हुडकायची असते. आणि नगररचनाकाराने अनवधानाने का होईना, ती आखून ठेवलेली असते, मात्र तीन मार्गिका एकदम अडवल्याशिवाय तिचा लाभ घेता येत नाही.

चित्रपट अभिनेते हॅरिसन फोर्ड यांचे जुने विमान 5 मार्च 2015 रोजी सँटा मोनिका विमानतळावरून उडताच यंत्र बंद पडून लगतच्या गोल्फच्या मैदानावर कोसळले आणि ते बचावले, तेव्हा श्रीमंतांच्या या खेळाची सार्वजनिक उपयुक्तता प्रथमच सिद्ध झाली. ज्या विमानतळावरून ते उडाले तेथे एके काळी डग्लस कंपनीचा विख्यात विमान कारखाना होता; वस्ती वाढत वाढत कुंपणाला भिडली, आणि मग विमानांच्या आवाजाची व धुराची तक्रार घेऊन तिने वर्षानुवर्षे कज्जे लढविले. तक्रार खोटी नव्हती, आणि अपघाताची धास्तीही अनाठायी नव्हती. लॉस एंजेलिसमधील पकोयमा येथे जानेवारी 2022 मध्ये एक विमान जवळचा विमानतळ गाठू न शकल्याने रेल्वेरुळांवर कोसळले, आणि आगगाडी येऊन आदळण्याच्या काही क्षण आधी पोलिसांनी वैमानिकास ओढून बाहेर काढले. असा देखावा खिडकीतून पाहणाऱ्यास विमानतळ नकोसा वाटला तर त्यात नवल नाही. सँटा मोनिकाने 2017 साली केंद्रीय विमान वाहतूक खात्याशी तडजोड करून 31 डिसेंबर 2028 नंतर आपला विमानतळ बंद करण्याचा अधिकार मिळविला असून, पुढे तेथे उद्यान करावे की घरे बांधावीत याचा वाद आता चालू आहे. उद्यान झाले तर वैमानिकांना निदान एक हिरवळ उरेल. घरे झाली तर पुन्हा रस्ताच.

आपल्याकडे ही मोकळी पट्टी शहरात शोधणे म्हणजे कालापव्यय. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या ज्या मैदानावर उतरले, त्याच्या सभोवार आज इमारतींची दाटी आहे. आणि मुंबईच्या रस्त्यांवर उभ्या मोटारी, फेरीवाले, मांडव आणि केबलची जाळी यांचा कबजा इतका पक्का आहे की तेथे उतरू पाहणाऱ्या विमानास आधी पालिकेच्या अतिक्रमण विभागाकडे अर्ज करावा लागेल. छात्रसेनेचे एक छोटे विमान 23 जानेवारी 2021 रोजी गाझियाबादेजवळ सुखरूप उतरू शकले ते पूर्व परिघीय द्रुतगती मार्गावर, म्हणजे शहराने अद्याप गिळला नव्हता अशा रस्त्यावर.

सबब आमची सूचना साधी आहे. विमानतळाचा भूखंड घरबांधणीस खुला करण्याचा ठराव ज्या नगरपालिकेपुढे येईल, तिने तो खुशाल संमत करावा. मात्र पालिकेच्या हद्दीत, सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, कोणत्याही विमानाचे यंत्र बंद पडण्यास सक्त मनाई आहे, असे एक पोटकलम त्यास जोडण्यास विसरू नये.