चुकीची दवंडी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या कॉलेजच्या अभ्यासिकेत पंख्याची खरखर चालते. बाहेरच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यांच्यावरची गाणी चालतात. दुपारी तीनच्या सुमारास मागच्या बाकावर कोणी झोपी गेले आणि घोरू लागले, तर तेही चालवून घेतले जाते. चालत नव्हता तो फक्त एक आवाज. तो माझ्या लॅपटॉपमधून निघत असे आणि त्याचा उच्चार लिहून दाखवायचा तर 'पीं' असाच लिहावा लागेल.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. राज्यशास्त्राच्या टिपणासाठी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यावरचा एक लांबलचक मजकूर मी पडद्यावर उघडला होता. त्यात नेमकी जागा सापडावी म्हणून शोधायच्या चौकटीत शब्द टंकू लागले आणि 'क्ष' च्या जागी हातून 'क्श' पडला. लॅपटॉप म्हणाला, "पीं!" मी घाईघाईने पुढची अक्षरे दाबली. प्रत्येक अक्षराला पुन्हा "पीं!" असा शब्दच मजकुरात नाही, हे तो मला नव्हे, तर साऱ्या अभ्यासिकेला सांगत होता. आवाजाची पट्टी शून्यावर होती, ती मी दोनदा पाहिली. तरीही "पीं!"

पंधरा-वीस माना वळल्या. तिसऱ्या वर्षाच्या एका ताईंनी तोंडावर बोट ठेवले. मला त्या क्षणी असे वाटले की माझा 'क्ष' चुकला हे आता सगळ्यांना समजले. प्रत्यक्षात कोणालाही काही समजले नसणार. 'पीं' ला अर्थ नसतो, नुसता सूर असतो. पण घरात शुद्धलेखन सांगणारे कोणी नसले म्हणजे आपली चूक आपल्याला नेहमी बाहेरच्यांकडून, आणि बहुधा चारचौघांतच, कळत आलेली असते. तिची सवय होते असे लोक म्हणतात. मला झालेली नाही. त्या दिवशी मी पुस्तके गोळा केली आणि बसस्टँडवर जाऊन वाचत बसले. बसस्टँडवर कोणी "शूऽऽ" करत नाही.

ह्या 'पीं' च्या घराण्याचा शोध मी मग हट्टानेच घेतला. त्याची वंशावळ थोर आहे. अमेरिकेत १९६३ साली आस्की नावाची अक्षरसंहिता ठरली. तीत प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला क्रमांक आहे, पण ७ हा क्रमांक कोणत्याच अक्षराला दिलेला नाही. तो घंटेला दिला आहे! त्या काळच्या दूरमुद्रकात खरीखुरी घंटी बसवलेली असे. तारेवरून ७ क्रमांक आला की ती वाजायची आणि चहा प्यायला उठलेला माणूस यंत्रापाशी परत यायचा. म्हणजे मुळात ती हाक होती, चूक दाखवण्याशी तिचा संबंध नव्हता. पुढे १९८१ साली आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पोटात एक लहानसा स्पीकर ठेवला. इंटेलचा ८२५३ नावाचा टायमर सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके मोजतो. त्या आकड्याला योग्य त्या संख्येने भागले की हवा तो सूर मिळतो. ११९३ ने भागले तर सेकंदाला सुमारे हजार कंपनांचा सूर निघतो. (गणिताशी माझे अकरावीतच फाटले, पण हा भागाकार मी स्वतः करून पाहिला.) ह्या स्पीकरला सूर बदलता येतो, पण आवाज लहानमोठा करण्याची सोय त्याला दिलेली नव्हती. यंत्र सुरू होताना एक छोटा बीप झाला तर सारे ठीक, वेगळ्या तऱ्हेने वाजला तर काही बिघाड, अशी खूण होती. पडदा जागा होण्याआधी यंत्राला तेवढे एकच तोंड होते, आणि तिथे ते योग्यच होते.

घोटाळा झाला तो नंतर. हाक मारण्यासाठी दिलेले तोंड प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी रागावण्यासाठी वापरायला सुरुवात केली. शब्द सापडला नाही की वाजव, रिकाम्या चौकटीत खोडायची कळ दाबली गेली की वाजव.

जुन्या टाइपरायटरची घंटी ह्याहून कितीतरी शहाणी होती असे माझे मत आहे. आमच्या तालुक्यातल्या टंकलेखनाच्या क्लासमध्ये एक बंद पडलेले यंत्र शोभेला ठेवले आहे. तिथल्या सरांनी मला ते चालवून दाखवले. ओळ संपायला काही अक्षरे उरली असतानाच त्याची घंटी वाजते. चूक होण्याआधी ती सांगते की बाई, कडा जवळ आली. लॅपटॉपचा बीप चूक झाल्यावर सांगतो. एसटीच्या कंडक्टरची घंटीही पाहा. एकदा वाजली की थांब, दोनदा वाजली की चल. ऐकतात सगळे, पण ती असते ड्रायव्हरसाठी आणि ड्रायव्हरला ती कळते. तिच्याने कोणाचा अपमान होत नाही.

असो. आवाज बंद कसा केला ते सांगते, कारण माझ्यासारखे जुने यंत्र घेतलेले अनेकजण असतील. माझा लॅपटॉप वापरलेला घेतलेला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि ह्या म्हाताऱ्या यंत्रावर विंडोज ११ बसत नाही, म्हणून दुकानदाराने त्यावर डेबियन लिनक्स टाकून दिले. त्यात ह्या स्पीकरचा कारभार पीसीस्पीकर नावाचा एक छोटा भाग पाहतो. टर्मिनलमध्ये एक ओळ लिहून तो तात्पुरता काढता येतो, आणि मॉडप्रोबच्या फोल्डरात त्याचे नाव काळ्या यादीत घातले की यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही तो उठत नाही. काही लॅपटॉपांत हा सूर साउंड कार्डातूनच जातो, पण त्याचा नळ वेगळा असतो. अल्सामिक्सर उघडले की 'बीप' असा स्वतंत्र खांब दिसतो, त्यावर जाऊन एमची कळ दाबायची. नेहमीची पट्टी शून्यावर ठेवून बीप का थांबत नाही, ह्याचे उत्तर त्या खांबात आहे. फायरफॉक्समधला शब्द न सापडल्याचा आवाज त्याच्या आतल्या सेटिंगमधूनही बंद होतो. चार्जर लावता-काढताना होणारा 'पीं' मात्र ह्यांपैकी कशालाच जुमानत नाही. त्याच्यासाठी यंत्र सुरू होतानाच बायॉसमध्ये शिरावे लागते. एवढी सगळी विद्या एका 'पीं' साठी! मला दोन रविवार लागले.

यंत्र गप्प झाले त्या दिवशी मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला. पण माझे डोके तिथेच थांबले नाही. अभ्यासिकेत कॉलेजचे चार संगणक आहेत, त्यांच्यावर विंडोज आहे आणि तेही वाजतात. पेन ड्राइव्ह लावला की वाजतात, काढला की वाजतात, चुकीच्या जागी क्लिक केले की "टिंग" करतात. माझे यंत्र गप्प, तर कॉलेजचे का नको? मी अर्ज लिहिला. अकरा जणांच्या सह्या घेतल्या. ज्या ताईंनी मला गप्प केले होते त्यांची सहीही आनंदाने मिळाली. ग्रंथपाल सरांनी आठवड्यात चारही संगणकांवर 'नो साउंड्स' करून घेतले आणि भिंतीवर सूचना लावली.

आमच्या वर्गात एक मित्र आहे, त्याला दिसत नाही. तो ह्या चारपैकी खिडकीजवळच्या संगणकावर बसतो. त्यावर एनव्हीडीए नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम आहे, तो पडद्यावरचे वाचून दाखवतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांचे हे काम, २००६ साली सुरू झालेले. कानाला हेडफोन लावून तो इतक्या वेगाने ऐकतो की आपल्याला ते नुसते पाऊस पडल्यासारखे वाटते. सूचना लागल्यावर आठवडाभराने तो इतिहासाचे टिपण टंकत होता. मी त्याच्यापाशी गेले आणि काही विचारले. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला. त्याच वेळी पडद्यावर एक चौकट उघडली असणार, तिचे बोलणे माझ्या बोलण्यात बुडाले. मी निघून गेले. तो लिहीत राहिला, आणि अर्धे पान झाल्यावर त्याला समजले की एकही अक्षर कागदावर उतरलेले नाही.

"टिंग वाजलं असतं तर पहिल्याच अक्षराला कळलं असतं," तो मला म्हणाला. "अक्षरं भिंतीवर आपटायला लागली की ते वाजतं. कुणी बंद केलं गं?"

मी म्हटले, "मी."

तो हसला. माझ्यावर ओरडला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर त्याने मला पुष्कळ शिकवले. कॅप्स लॉक किंवा नम लॉक दाबला की विंडोजमध्ये एक सूर ऐकू येण्याची सोय आहे, चालू झाला तर उंच आणि बंद झाला तर खालचा. नम लॉक पाच सेकंद दाबून धरला की ती सोय सुरू होते. आपल्याकडून ती कधी चुकून सुरू झाली की आपण म्हणतो यंत्र बिघडले. कळेवरचा दिवा न दिसणाऱ्याला तो सूरच दिवा असतो. एखादी फाइल उतरत असली की एनव्हीडीए हळूहळू चढत जाणारे बीप देते. सूर किती चढला त्यावरून काम किती झाले ते त्याला समजते, आणि घागर भरत आल्याचे आपण आवाजावरून ओळखतो तसेच ते असल्याचे तो सांगतो.

म्हणजे मी ज्याला कटकट म्हणत होते ती त्याची वाट होती, आणि मी ती अकरा सह्या घेऊन बंद केली होती. मला चारचौघांत गप्प केले गेले म्हणून मला राग आला होता. मग मी तेच दुसऱ्याच्या यंत्राला केले, आणि वर अर्जाची भाषा किती सभ्य होती!

तेव्हा माझे आजचे मत असे आहे. आवाज असावा की नसावा हा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणाच्या कानी पडतो एवढाच प्रश्न आहे. माझ्या लॅपटॉपमधल्या त्या जुन्या स्पीकराला हेडफोन लावता येत नाहीत, त्याला खासगीत बोलताच येत नाही, म्हणून तो बंद करणे रास्त होते आणि त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. पण कॉलेजच्या संगणकांचे तसे नाही. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, बीपसुद्धा साउंड कार्डातून जातो. हेडफोनची पिन लावली की सारे आवाज ज्याचे त्याच्या कानात. चार हेडफोन घेतले असते तर सूचना लावायची गरजच नव्हती! शिवाय 'नो साउंड्स' ही निवड त्या त्या वापरकर्त्यापुरती असते. आमच्या चारही संगणकांवर सर्वांसाठी एकच 'स्टुडंट' नावाचे खाते आहे, म्हणून ती सगळ्यांच्या माथी बसली. माझ्या मित्राला त्याचे स्वतःचे खाते दिले तर त्याचे आवाज त्याला परत मिळतात आणि बाकीच्यांच्या शांततेला धक्का लागत नाही. ह्या कामाला दहा मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

कोणी म्हणेल, एका मुलासाठी एवढा खटाटोप कशाला? मी उलट विचारते, अकरा मुलांसाठी त्याला न विचारता बदल करण्याचा खटाटोप आपण केलाच की. अर्ज लिहिताना मी चार संगणकांवर बसणाऱ्या प्रत्येकाकडे सहीसाठी गेले होते. फक्त त्याच्याकडे गेले नव्हते, कारण तो सही कशी करणार असे माझ्या मनात आले होते. तो सही करतो. बँकेतही करतो.

नवा अर्ज मी दिला आहे. ह्यावर दोनच सह्या आहेत, त्याची आणि माझी. ग्रंथपाल सर म्हणाले, "एकदा बंद कर म्हणता, एकदा चालू कर म्हणता, तुमचं काय ते ठरवून या." सरांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मी त्यांना खात्याचा उपाय कागदावर पायऱ्या घालून लिहून दिला आहे, आणि हा अंक छापखान्यात जाईपर्यंत तो त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली आहे.

माझ्या लॅपटॉपचा चार्जरचा 'पीं' मी नंतर बायॉसमध्ये जाऊन पुन्हा चालू केला. घरी रात्री वीज गेली की तो वाजतो, माझी बॅटरी वीस मिनिटेच टिकते आणि तेवढ्यात लिहिलेले जपून ठेवावे लागते. अभ्यासिकेत चार्जर काढायचा असला तर मी यंत्र उचलून आधी व्हरांड्यातल्या प्लगपाशी जाते.