सुई थरथरली, म्हणजे चोर?

मंडळी, हल्ली कुठे काही अघटित घडले की तिसऱ्या दिवशी मोर्चा निघतो, आणि निवेदनात एक मागणी हमखास असते : "संशयितांची नार्को करा, लाय डिटेक्टर लावा!" आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, पण सत्तरी ओलांडलेली जीभ एवढ्यात कुठली वळायला) तर टपरीवरच्या चहापासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत यावर सर्वपक्षीय एकमत आहे. परवा पुण्याच्या भाच्याने ग्रुपवर लिहिले, "मामा, जो निर्दोष आहे त्याला मशीनची भीती कशाला?" खाली सतरा अंगठे. मोबाइलवर लांबलचक टाइप करायचे म्हणजे मला शिक्षाच, म्हणून उत्तर इथे लिहितो आहे. भाचेबुवा, शेवटपर्यंत वाचा.

आधी एक घोळ मिटवू. नार्को वेगळी आणि लाय डिटेक्टर वेगळा. नार्कोत शिरेतून औषध देऊन माणसाला अर्धवट गुंगीत बोलते करतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. आज बोलायचे ते पॉलिग्राफबद्दल, कारण लोकांना तोच जास्त 'शास्त्रीय' वाटतो.

हे यंत्र मोजते तरी काय? छातीला आणि पोटाला पट्टे बांधून श्वास मोजते. दंडाला दवाखान्यात बांधतात तसा पट्टा बांधून रक्तदाब आणि नाडी मोजते. आणि दोन बोटांना धातूच्या चकत्या लावून, अंगाला जाणवणारही नाही इतकी क्षीण वीज सोडून, कातडीतून ती किती सहज वाहते ते मोजते. तळहात आणि बोटांच्या पेरांवर घामाच्या ग्रंथी दाटीने असतात. मनात खळबळ झाली की मज्जासंस्थेचा जो भाग आपल्याला न विचारता कारभार करतो, तो या ग्रंथींना हुकूम सोडतो. एक ते तीन सेकंदांत कातडी किंचित ओलावते, वीज थोडी जास्त वाहते, रेघ वर चढते. डोळ्याला घाम दिसायच्या आधी यंत्राला कळलेले असते! फ्रान्समध्ये फेरे यांनी १८८८ मध्ये आणि रशियात तारखानोव्ह यांनी १८९० मध्ये हे दाखवून दिले. मोठी सुंदर गोष्ट आहे ही, आणि खरी आहे. माझे भांडण त्या शास्त्राशी नाहीच.

भांडण पुढच्या उडीशी आहे. रेघ चढली हे खरे. पण का चढली, ते रेघ सांगत नाही. भीतीने चढते, रागाने चढते, शरमेने चढते, बाहेर कुणी जोरात हॉर्न वाजवला तरी चढते. ज्याच्या बायकोचा खून झाला आहे त्याला खुर्चीत बसवून "तू मारलेस का?" असे विचारल्यावर त्याची सुई हलली नाही, तरच मला नवल वाटेल. खोटे बोलण्याची म्हणून स्वतंत्र अशी काही खूण शरीरात नाही. यंत्रवाल्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून ते मधेच विचारतात, "आयुष्यात कधी कुणाला फसवलेस का?" आणि गृहीत धरतात की निर्दोष माणूस या प्रश्नाने जास्त अस्वस्थ होईल आणि गुन्हेगार मुख्य प्रश्नाने. सगळा डोलारा या एका गृहीतकावर उभा. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, शास्त्र शिकवले नाही. पण इतक्या ठिसूळ गृहीतकावर नववीच्या पोराने निबंध लिहिला असता तर मी वहीत लाल शेरा मारला असता.

मोजणाऱ्याने कसे वागावे याचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या लोणावळ्यात आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये तिथे कैवल्यधाम सुरू केले, तेच मुळी योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहायच्या म्हणून. योगी हृदय थांबवतात अशी त्या काळी जगभर ख्याती. १९५७ मध्ये अमेरिकेतून वेंगर आणि बागची हे दोन संशोधक यंत्रे घेऊन भारतात आले, लोणावळ्यालाही त्यांनी काम केले. हृदय थांबवू म्हणणाऱ्यांची नाडी खरोखरच लागेनाशी झाली, स्टेथोस्कोपमध्ये ठोके ऐकू येईनात. सामान्य माणसाने तिथेच नमस्कार घातला असता. पण ईसीजीची रेघ चालूच होती! श्वास कोंडून, छातीचे स्नायू आवळून हृदयाकडे परतणारे रक्त अडवले जात होते, म्हणून नाडी हरवली. हृदय आपले काम करतच होते. १९६१ मध्ये त्यांनी हे छापले. योग्यांना लबाड म्हटले नाही आणि चमत्कारही म्हटले नाही. नाडी लागत नाही म्हणजे नाडी लागत नाही, एवढेच. आणि आपण? बोटाला घाम आला म्हणजे खून केला!

आता हसू नका, पण हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. चोरी झाली की संशयितांना मंतरलेले तांदूळ चघळायला द्यायचे आणि ज्याच्या तोंडात ते कोरडे राहतील तो चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते, हे शरीरशास्त्र त्यातही आहेच की. मराठेशाहीत तर रवादिव्य होते. उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी ती सोडून फोड आले का ते पाहायचे. पिशवी, मोहोर, साक्षीदार, सगळी पद्धत काटेकोर! फक्त निष्कर्षाचा आणि सत्याचा संबंध नव्हता. हे सगळे इतिहासजमा झाले म्हणावे, तर २०२१ मध्ये परांड्याकडे एका नवऱ्याने बायकोच्या चारित्र्याची परीक्षा म्हणून तिला उकळत्या तेलातून नाणे काढायला लावले. त्याचा व्हिडिओ पाहून आपण सगळे हळहळलो. त्याच मोबाइलवरून आपण "मशीन लावा" असे लिहितो.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. १९७८-७९ असेल. मी ज्या शाळेत होतो तिथे कपाटातून परीक्षा फीचे पैसे गेले. मुख्याध्यापकांनी वर्गातल्या पोरांना रांगेत उभे करून तळहात पुढे करायला लावले. एकाचे तळहात ओलेचिंब. तो पारधी वस्तीवरून यायचा, त्या वस्तीतून शाळेत येणारा पहिलाच. त्याला पट्टीने मारले. "सर, काही जणांचे हात बारा महिने ओले असतात," असे मी म्हणालो. नवख्या शिक्षकाचे कोण ऐकतो? चार दिवसांनी पैसे पावती पुस्तकाच्या पुठ्ठ्यात सापडले. मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही.

भाचेबुवा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर या पोराच्या तळहातात आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठे जाते, ते श्रीगोंदा-कर्जत-जामखेडकडच्या कुणालाही विचारा. ज्याच्या आजोबाला, बापाला काही न करता चौकीत मार बसला आहे, त्याला त्या खुर्चीत बसवले तर त्याचे हृदय धडधडणार नाही? तो निर्दोष आहे आणि म्हणूनच घाबरलेला आहे, कारण निर्दोष असण्याने आपल्याकडे काही भागत नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. आणि जो खरा मुरलेला आहे तो शांत असतो. अमेरिकेच्या सीआयएमधला आल्ड्रिच एम्स रशियाला गुपिते विकत होता आणि त्याच काळात १९८६ व १९९१ अशा दोन पॉलिग्राफ चाचण्या त्याने पार केल्या.

त्याच अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००३ मध्ये या यंत्राची झाडाझडती घेतली. त्यांनी एक हिशेब मांडला आहे. समजा दहा हजार कर्मचारी आहेत आणि त्यांत दहा हेर. त्यातले आठ सापडावेत इतकी चाचणी कडक केली, तर सोबत सुमारे १६०० निर्दोष माणसेही 'खोटारडी' ठरतात, आणि दोन हेर तरीही सुटतात. गणित माझा विषय नव्हता, पण एवढे मलाही कळते.

आपल्याकडे याहून पुढची पायरी झाली. २००८ च्या जूनमध्ये पुण्यात एका खून खटल्यात एमबीएच्या विद्यार्थिनीला जन्मठेप झाली, त्यात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत लहरींची चाचणीही धरली गेली. ती गप्प बसली होती आणि यंत्र म्हणे सांगत होते की तिला तो 'अनुभव' आठवतो आहे. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत अशास्त्रीय ठरवली. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात स्पष्टच सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी यांपैकी काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही. म्हणजे आपण मोर्चात जी मागणी करतो तीच मुळी घटनाबाह्य आहे!

यावर आमचे एक निवृत्त फौजदार मित्र म्हणतात, "गुरुजी, पुरावा नको, पण धागा तर मिळतो. माणूस मशीन बघूनच कबूल होतो." आता मला सांगा, बघूनच कबूल होत असेल तर मशीन कशाला, जुने झेरॉक्सचे यंत्रही चालेल. आणि कोठडीतल्या माणसाची 'संमती' म्हणजे काय? ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर, वकिलाच्या सल्ल्याने नोंदवा असे न्यायालयाला सांगावे लागले, ते उगाच नाही. मला तर दुसरीच शंका येते. २०२२ मध्ये वसईच्या त्या मुलीच्या खुनाचा तपास दिल्लीत चालला होता, तेव्हा आरोपीला आज खुर्चीत बसवले, उद्या सुई टोचणार, असे दिवस दिवस टीव्हीवर चालले. हाडे, रक्त, डीएनए हे खरे काम प्रयोगशाळेत चालू होते, त्यावर किती मिनिटे दाखवली? यंत्राचा तमाशा झाला की पंचनामा नीट झाला का, हे विचारायचे भान कुणाला राहत नाही.

असो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे एक निवेदन सहीसाठी माझ्या टेबलावर पडले आहे. गल्लीतल्या घरफोडीबद्दल आहे, आणि दोन संशयित पोरे वस्तीवरची आहेत. क्रमांक तीनची मागणी तुम्ही ओळखली असेलच. ती खोडून तिथे "ठसे केव्हा घेतले आणि प्रयोगशाळेकडे केव्हा पाठवले ते लेखी कळवावे" असे लिहा, मग सही करतो, असे मी अध्यक्षांना काल सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही नेहमीच आडवे जाता." निवेदन अजून माझ्याकडेच आहे.