पाचट पेटवणं थांबवा, कारखान्यांना कामाला लावा

ऊसतोड सुरू झाली की राहुरीपासून कोल्हारपर्यंत संध्याकाळच्या वेळी धुराचे लोट दिसू लागतात. या आठवड्यातही दिसले. टोळी फडातून बाहेर पडली की दोन-चार दिवसांत काडी ओढली जाते आणि तासाभरात शेत काळं होतं. यावर मी आधीही लिहिलंय. या वेळी चीड आली ती एका मेळाव्यामुळे. तरुण शेतकऱ्यांना तिथे कार्बन क्रेडिटबद्दल भरपूर ऐकवलं गेलं. पाचटाचा विषय कुणी काढलाच नाही.

गोठ्यातला मिथेन, शेणावरचा गोबरगॅस, रात्रीच्या विजेला पर्याय म्हणून सौरपंप, हे सगळं महत्त्वाचं आहे. पण प्रवरा-मुळेच्या लाभक्षेत्रातल्या तरुणाला आज, पदरचे फार पैसे न घालता, हरितगृह वायू कमी करायचे असतील, तर सुरुवात खोडव्यापासून करावी लागेल.

बांधाला बांध असलेले दोन खोडवे घ्या. एक पेटवलेला, एक पाचट राखलेला. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र धरलं तरी ४० ते ५० किलो होतं. पेटवलं की त्यातलं बहुतेक हवेत जातं. जळताना निघणारा कार्बन डायऑक्साइड पुढचा ऊस परत ओढून घेतो, असं काही जाणकार म्हणतात आणि तेवढ्यापुरतं ते खरं आहे. पण त्या धुरात मिथेन असतो, नायट्रस ऑक्साइड असतो, काजळी असते. हे काही ऊस परत घेत नाही. शिवाय गेलेलं नत्र भरून काढायला युरियाच्या दोन गोण्या जास्त येतात. तो युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, आणि ओल्या सरीत फेकला की त्यातला काही भाग पुन्हा नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास पावणेतीनशे पट तापदायक आहे.

आता दुसरा खोडवा. राहुरी कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रात १९३२ पासून उसावर काम चालू आहे. त्यांची शिफारस अशी: पाचट सरीत दाबायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटावर कुजवणारे जिवाणू टाकायचे आणि खत पहारीनं द्यायचं. एक जण बुंध्यापासून चार-सहा बोटांवर वीतभर खोल भोक पाडत पुढे जातो. मागचा बादलीतून खत घेऊन भोकात सोडतो आणि टाचेनं माती दाबतो. फूटभर पुढे दुसरं भोक. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी सरीच्या दुसऱ्या बाजूला. पाचटावर वरून फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो, म्हणून पाचट आणि पहार यांची जोडी तोडता येत नाही. पाचट कुजवायलाही सुरुवातीला थोडा युरिया लागतो, हे मान्य. पण तो जिवाणूंच्या अंगी लागतो आणि पुढे उसालाच मिळतो. पाचटाखाली ओल टिकते, तण दबतं, पाण्याची एखादी पाळी वाचते, म्हणजे तेवढी वीजही वाचते.

मग शेतकरी पेटवतो का? कारण ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. दोन गोण्यांचे साडेपाचशेही होत नाहीत. तेवढ्यासाठी पहार कोण उचलणार? मी पुन्हा पुन्हा हेच लिहीत आलोय आणि लिहीत राहीन: स्वस्त युरियानं आपल्या काळ्या जमिनीचं जेवढं वाटोळं केलं, तेवढं दुष्काळानंही केलं नाही.

तरुणांची अडचण मात्र खरी आहे. सातबारा वडिलांच्या नावावर, आणि वडील म्हणतात, पाचटात उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही. पाण्यासाठी सरीआड पाचट ठेवता येतं. पण शेजाऱ्यानं पेटवलं, वारा फिरला आणि आपलंही पाचट गेलं, तर काय करायचं? एकट्या पोरानं कितीही ठरवलं तरी हे त्याच्या हातात नाही. सगळ्या शिवारानं एकत्र ठरवायची ही गोष्ट आहे.

आणि शिवाराला एकत्र आणणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच प्रवरेच्या भागात. उभा ऊस जळाला तर कारखाने जळीत म्हणून कपात लावतात. तोडणीनंतर पाचट जाळणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. खोडव्याची नोंद घ्यायला कारखान्याचा माणूस, चिटबॉय, शेतावर येतोच. त्यानं पाचट राखलंय की जाळलंय, एवढं लिहून घ्यावं. राखणाऱ्याला टनामागे थोडा जादा दर मिळावा. पाचट कुट्टीचं यंत्र गटऑफिसातून माफक भाड्यानं मिळावं आणि त्याचे पैसे ऊसबिलातून वळते व्हावेत.

तरुण सभासदांनो आणि सभासदांच्या मुलांनो, कारखान्याची पुढची वार्षिक सभा येईल तेव्हा दरावर बोलाच, पण हा ठरावही लेखी द्या आणि मंजूर करून घ्या. तोवर निदान आपल्या बांधापुरती काडी खिशातच ठेवा.