शिक्षकांचा पेहराव आणि शिक्षिकेची सकाळ

महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये एक निर्णय काढून शिक्षकांच्या पेहरावासंबंधी सूचना केल्या. शिक्षिकांनी साडी, अथवा सलवार वा चुडीदार, कुर्ता व ओढणी वापरावी. शिक्षकांनी शर्ट व पँट वापरावी आणि शर्ट आत खोचलेला असावा. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे वा चित्रे छापलेले कपडे घालू नयेत. जीन्स आणि टी-शर्ट शाळेत वापरू नयेत, असे त्या सूचनांचे सार होते. त्यापूर्वी डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालयातील व इतर शासकीय कर्मचाऱ्यांसाठी याच धर्तीचे परिपत्रक निघाले होते, आणि आसाम सरकारनेही मे २०२३ मध्ये शिक्षकांस असाच आदेश दिला होता. तेव्हा हा विचार एखाद्या अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. शिक्षकाची प्रतिष्ठा त्याच्या पेहरावाने राखली जाते, निदान वाढते, अशी राज्यकर्त्यांची आणि समाजातील मोठ्या वर्गाची प्रामाणिक समजूत आहे. म्हणूनच ती थट्टेवारी न नेता तपासून पाहणे आवश्यक आहे.

या समजुतीत तथ्य नाही असे नाही. सहा-सात वर्षांचे मूल शिक्षकाच्या शब्दांपेक्षा त्याचे वागणे अधिक टिपते. बाई कशा बोलतात, कशा बसतात, काय नेसतात, हे घरी जाऊन तंतोतंत सांगणारी मुले प्रत्येकाने पाहिली आहेत. शिक्षकाने स्वच्छ, नेटके आणि प्रसंगास शोभेसे राहावे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. नेटकेपणा हा आदेशाने येतो, की सवडीने आणि सन्मानाने येतो? आणि आदेश काढणाऱ्याने, तो ज्या घरांतून पाळला जावयाचा आहे, त्या घरांतील सकाळ कधी डोळ्यांपुढे आणली आहे काय?

ती सकाळ अशी असते. प्राथमिक शाळेतील एक तरुण शिक्षिका. पदरी दोन मुले, एक पहिलीत जाणारे, दुसरे अजून अंगावर पिणारे. पाच वाजता उठून पोळीभाजी, डबे, पाणी, मोठ्याची आंघोळ, धाकट्याचे दूध. मोठ्याच्या बुटाचा एक पाय सापडत नसतो आणि धाकट्याचे अंग किंचित कढत लागत असते. आज हे पाळणाघरात ठेवून घेतील की परत पाठवतील, सासूबाईंना गावाहून बोलवावे की शेजारणीस विचारावे, हा विचार पोळी लाटतानाच चाललेला असतो. इस्त्री केलेली साडी नेसून, निऱ्या बसवून ती निघणार, तोच कडेवरचे मूल खांद्यावर दुधाची गुळणी टाकते. आता साडी बदलावी तर बस चुकते, आणि न बदलावी तर वर्गात दिवसभर तो डाग मिरवावा लागतो. अशा वेळी हाताशी येईल तो धुवट, सुटसुटीत कुर्ता अंगात अडकवून ती निघाली, आणि तो नेमका गडद रंगाचा किंवा छापील नक्षीचा असला, तर नियमाच्या दृष्टीने ती चुकली. तिच्या त्या दोन तासांच्या धडपडीची नोंद मात्र कोठल्याही हजेरीपटावर होत नाही.

हे चित्र भावनेच्या भरात रंगवलेले नाही, याची साक्ष सरकारचेच आकडे देतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे देतात. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, आणि पुरुषाने आपला वाटाही जवळपास तेवढाच कमी करून घेतला! यात नोकरी करणाऱ्या व न करणाऱ्या अशा दोन्ही स्त्रिया आहेत हे खरे. परंतु नोकरी लागली म्हणून घरकाम सुटले, असे भाग्य आपल्याकडे किती जणींच्या वाट्याला येते? प्रस्तुत लेखकाच्या घरातही एक शिक्षिका आहे, आणि आपण त्या ८८ मिनिटांच्या पंगतीस बसलेलो आहोत हे कबूल करणे त्याला भाग आहे. शर्ट आत खोचण्यास अर्धे मिनिट लागते. साडी नेसण्यास, ती धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवण्यास किती वेळ लागतो याचा हिशेब बहुतेक पुरुषांनी कधी केलेला नसतो. कागदावर समान दिसणारा नियम घरात असा विषम होतो.

येथे कोणी म्हणेल, शासनाने साडीची सक्ती केलेली नाही. सलवार-कुर्त्याची मुभा दिलेलीच आहे. हे म्हणणे बरोबर आहे, आणि ती मुभा मोलाचीही आहे. परंतु लेखी नियमाच्या मागे नेहमी एक अलिखित नियम उभा असतो आणि तो अधिक कडक असतो. पाहणीचा दिवस, स्वातंत्र्यदिन, पालकसभा, कोणाचे तरी स्वागत, अशा वेळी ‘साडीच बरी दिसते’ हे वाक्य कोणीतरी उच्चारतो आणि ते आदेशाइतकेच पाळले जाते. लेखी नियम निघाला की या अलिखित नियमास बळ मिळते. ओढणी कशी घेतली, रंग किती गडद, नक्षी किती ठळक, हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला मिळाला असे मुख्याध्यापकापासून गावातील रिकामटेकड्यापर्यंत अनेकांस वाटू लागते. शिक्षिकेच्या शिकवण्याची तपासणी करण्यास ज्ञान लागते. तिच्या कपड्यांची तपासणी करण्यास काहीच लागत नाही.

शिवाय हा पेहराव ज्या कामासाठी करावयाचा, त्या कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. पहिली-दुसरीच्या शिक्षिकेला खुर्चीत बसून शिकविता येत नाही. ती सतरंजीवर मुलांत बसते, त्यांची नाके पुसते, त्यांच्याबरोबर नाचते, मैदानावर धावते, पोषण आहाराची खिचडी वाढली जात असता देखरेख करते. पुष्कळ शिक्षिका आज स्वतः दुचाकी चालवीत आडरस्त्याच्या शाळा गाठतात. केंद्रीय मोटार वाहन नियमावली, १९८९ मध्ये मोटारसायकलच्या मागील चाकावर संरक्षक जाळी असावी, म्हणजे मागे बसणाऱ्या व्यक्तीचे कपडे चाकात अडकणार नाहीत, अशी तरतूद आहे. पदर चाकात जाऊन प्राण जातात हे शासनास ठाऊक आहे, ते असे. पण तो नियम करताना डोळ्यांपुढे मागे बसणारी स्त्री होती. आज ती पुढे बसून गाडी चालवते आहे, तिच्या पुढ्यात कधी तिचे मूलही उभे असते, आणि पेहरावाचा विचार मात्र अजून तिला मागच्या आसनावरच धरून चाललेला आहे.

शिक्षकाचा पेहराव आदेशावाचून बदलत आला आहे, हेही विसरता येत नाही. धोतर, कोट आणि टोपी घातलेले मास्तर गेले आणि पँटशर्टातील गुरुजी आले. नऊवारीतील बाई गेल्या आणि पाचवारीतील आल्या. त्या त्या वेळी जुन्या मंडळींनी नाके मुरडली असतील. पण शाळांची प्रतिष्ठा तेवढ्याने बुडाली नाही. सावित्रीबाई फुले शाळेत जात असता अंगावर चिखलशेण फेकले जाई, म्हणून त्या जवळ दुसरी साडी बाळगीत, असे सांगितले जाते. पहिल्या शिक्षिकेची प्रतिष्ठा तिच्या डागाळलेल्या साडीने कमी झाली नाही. ज्यांनी डाग पाडले त्यांची मात्र इतिहासात शोभा झाली.

मार्च २०२४ च्या त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव नोंदविणे बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय स्वागतार्हच होता. पण आईचे नाव लिहिणे आणि आईपणाची सोय करणे या दोन गोष्टींत बरेच अंतर आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर असावे अशी अट घालण्यात आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही पन्नास हाच आकडा कायम ठेवला. आता खेड्यातील प्राथमिक शाळेत पन्नास शिक्षक कोठून असणार? शिक्षण हक्क कायद्याच्या मोजमापानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. अशा शाळेतील शिक्षिकेच्या वाट्याला पाळणाघर कधीच येणार नाही, हे गणित चौथीचे मूलही सोडवील.

रजेचेही तसेच. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली, हे चांगलेच झाले. पण दोनशिक्षकी शाळेतील एक शिक्षिका रजेवर गेली म्हणजे अर्धी शाळा रजेवर जाते. मागे राहिलेल्या सहकाऱ्यास चार-पाच वर्ग एकट्याने सांभाळावे लागतात. मग मूल तापाने फणफणले असतानाही रजा मागण्याचा तिला संकोच वाटतो, आणि रजेचा हक्क कागदावरच उरतो. नव्याने लागणाऱ्या शिक्षणसेवकांची स्थिती आणखी कठीण. त्यांचे प्राथमिक स्तरावरील मानधन सहा हजारांवरून सोळा हजार रुपये होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. सेवेची ही तीन वर्षे बहुधा लग्न आणि पहिले मूल यांची वर्षे असतात. त्या मानधनातून पाळणाघराचे पैसे द्यावयाचे, प्रवास करावयाचा, आणि वर नियमात बसणारे कपडेही करावयाचे! एसटीच्या वाहकाला गणवेशाचे कापड मिळते, पोलिसाला गणवेशाचा भत्ता मिळतो. पेहराव ठरवून द्यावयाचा, तर त्याचा खर्च ठरविणाऱ्याने उचलावा, हा साधा न्याय शिक्षकाला का लागू नसावा?

शासनाला सूक्ष्म विचार करता येत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असे सांगितले, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. मुलाच्या झोपेपर्यंत ज्याचा विचार पोहोचला, त्याचा विचार त्या मुलाला शिकविणाऱ्या बाईच्या सकाळपर्यंत पोहोचण्यास काय हरकत आहे? आपल्याकडे अनेक शाळा मिळून एक केंद्र असते. पाळणाघरासाठी शिक्षकांची संख्या शाळेगणिक न मोजता केंद्रागणिक मोजावी, आणि मध्यवर्ती शाळेत वा अंगणवाडीच्या आवारात एक पाळणाघर चालवावे. प्रत्येक केंद्रास बदली शिक्षक मंजूर करावा, म्हणजे रजा ही सहकाऱ्यावरची शिक्षा ठरणार नाही. शाळेत शिक्षिकांसाठी पाण्याची सोय असलेले स्वतंत्र स्वच्छतागृह आणि तान्ह्या मुलाला पाजण्यापुरता आडोसा असावा. आणि पेहरावासंबंधी एकच वाक्य पुरे आहे: शिक्षकाने स्वच्छ, नेटका व आपल्या कामास सोयीचा पोशाख करावा. केरळच्या उच्च शिक्षण विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अध्यापिकांवर साडीची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्यामुळे तेथील शिक्षणाची पातळी खालावल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही.

पेहरावाचा नियम लोकप्रिय होतो याचे कारण उघड आहे. त्याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, मनुष्यबळ लागत नाही. एक कागद पुरतो. पाळणाघराला खोली लागते, बाई लागते, दरमहा खर्च लागतो. शिक्षकाचा मान वाढवावयाचा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या दुसऱ्या खर्चाची तयारी दाखविली पाहिजे. घरी मूल सुरक्षित आहे, रात्री पुरेशी झोप झाली आहे, वेळेवर बस मिळाली आहे, अशा शिक्षिकेच्या चेहऱ्यावर जो नेटकेपणा येतो तो कोणत्याही परिपत्रकात लिहिता येत नाही. आणि वर्गातील चाळीस मुले शेवटी तिच्या काठापदराकडे पाहत नाहीत, त्या चेहऱ्याकडेच पाहत असतात.