मोजपट्टी आणि कविता

केंद्रीय विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या वर्गावर एक अनुभव हमखास येतो. केरळ, आसाम, पंजाब, महाराष्ट्र अशा निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी शाळेत वाचलेली, सर्वांना समान अशी एकही कविता सापडत नाही. परवा एका सहकारी प्राध्यापकांनी याला अराजक म्हटले व शालेय शिक्षणाचा दर्जा केंद्रानेच देशभर एकसारखा ठरवून द्यावा, असे सुचविले. दर्जा म्हणजे अपेक्षित क्षमता, पाठ्यपुस्तक नव्हे. तेव्हा कोणत्याही भाषेच्या साहित्याला त्यापासून भय नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो तपासून पाहावयाचा तर अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. तो विषय घटकराज्यांचा. १९६५ च्या कायद्याने संघसरकार गरीब मुलांच्या शाळांसाठी मोठा निधी देऊ लागले, तेव्हाही अभ्यासक्रमावर नियंत्रण न ठेवण्याचे बंधन त्या कायद्यात होते. हे बंधन उघडपणे मोडण्याची गरज पुढे पडलीच नाही. २००२ साली अमलात आलेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचनाची व गणिताची परीक्षा सक्तीची केली. मानके राज्यांची, परीक्षाही राज्यांच्या. निकाल सुधारला नाही तर होणारी कारवाई मात्र संघाच्या कायद्याने ठरलेली. २००९ मध्ये ४३५ कोटी डॉलरांचे अनुदान स्पर्धेला लावण्यात आले आणि समान मानके स्वीकारणाऱ्या राज्यांना त्या स्पर्धेत गुण मिळू लागले. मंदीने तिजोऱ्या रित्या झालेल्या राज्यांनी २०१० ची ती मानके भराभर पत्करली, यात नवल ते काय!

ही मानके राज्यांच्या संघटनांनी पुढाकार घेऊन तयार केली होती, संघसरकारने नव्हे. पण त्यांत एक लहानसा तक्ता आहे. चौथीच्या वाचनात ललित व माहितीपर मजकूर निम्मा निम्मा. आठवीत ललित ४५ टक्के. बारावीत अवघे ३०. हे प्रमाण सर्व विषयांच्या वाचनाला मिळून आहे, अशी टीप सोबत आहे खरी. टिपा वाचतो कोण? वाचनाच्या परीक्षेचा भार पडतो तो भाषेच्या शिक्षकावर, आणि कथा-कवितेचे तास आटल्याची तक्रार तेथील अनेक शिक्षकांनी केली. आता, हे आकडे आले कोठून? संघसरकारच्या राष्ट्रीय चाचणीच्या आराखड्यातून. चाचणीत उताऱ्यांची वाटणी कशी असावी, एवढाच तेथे प्रश्न होता. मुलांनी साहित्य किती वाचावे, हे कोणत्याही विधिमंडळात ठरले नाही. ते मोजपट्टीने ठरविले. २०१५ च्या कायद्याने विशिष्ट मानकांसाठी राज्यांवर दडपण आणण्यास संघसरकारला मनाई केली. वार्षिक परीक्षा मात्र राहिली.

या परीक्षांनी काहीच साधले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. वंश व दारिद्र्य यांनुसार निकाल वेगळे मांडण्याची सक्ती झाल्यामुळे, सरासरीखाली दडलेली मुले दिसू लागली. आपल्याकडेही तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर ती केंद्राची चिंता असलीच पाहिजे.

परंतु आपल्या केंद्राचा हात वॉशिंग्टनपेक्षा लांब आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. २०२३ मध्ये मूल्यमापनाचे निकष ठरविण्यासाठी ‘परख’ हे राष्ट्रीय केंद्र आले. २०२४ च्या डिसेंबरात तिसरी, सहावी व नववीच्या मुलांची देशव्यापी पाहणी झाली, तीत भाषाही होती. अशा चाचणीत मराठीचे किंवा मैथिलीचे उतारे कोणते असावेत, त्यांत कवितेला, लोककथेला किती जागा असावी, हे त्या त्या भाषेच्या अभ्यासकांनी ठरवावे आणि तो आराखडा चाचणीपूर्वी जाहीर व्हावा, अशी मागणी आपल्या साहित्य विभागांनी आताच करावयास हवी. माझ्या वर्गात ज्याला अराजक म्हटले गेले, त्याच्यावरच तौलनिक साहित्याचा हा विषय उभा आहे.