आधी धडा, मग प्रश्न

"सर, ग्रुपवर सगळंच भेटते, मंग पुस्तक कायले घ्याचं?" एटापल्लीकडचा एक पोरगा मला म्हणाला. मी मोटार रिवाइंडिंग शिकवतो. त्याने ग्रुपवर टाकलं होतं, "सिंगल फेज मोटार नुसती गुणगुणते, फिरत नाही." धडाधड उत्तरं आली: कपॅसिटर बदल, बेअरिंग बदल, सरळ रिवाइंडिंगला टाक. शाफ्ट हाताने फिरतो का, व्होल्टेज किती मिळतंय, हे एकानेही विचारलं नाही. स्टार्टिंग वाइंडिंग कशासाठी असते हा धडा वाचला असता तर काय तपासायचं ते पोरालाच कळलं असतं. शिवाय पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. अशा वेळी रेंजचा काय भरवसा?

विचारणं वाईट नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट आहेत. जाणकाराला बोलवायचं, कायदा समजून घ्यायचा, शंका काढायच्या. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वसहमतीने. २००६चा वनहक्क कायदा काही सोपा नाही. तरी २००९मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही. तिथे कागद समोर ठेवून चर्चा होते, फरक तो आहे.

आमच्या ग्रुपवर आता प्रश्नासोबत मीटरचं रीडिंग आणि धड्याचा पान नंबर टाकावा लागतो. पोरं कुरकुरतात. पैसे नसतील तर चौघांनी मिळून एक पुस्तक घ्या, जुनं चालेल; फक्त आकृत्यांची पानं फाटलेली नाहीत ना, तेवढं बघा.